वृथाट्या

मनूने राजास वर्ज्य म्हणून जी दहा कामज व्यसने सांगितली आहेत, त्यांत मृगया आहे, मद आहे आणि सर्वांच्या शेवटी वृथाट्या, म्हणजे प्रयोजनावाचून हिंडणे, हेही आहे. ह्या दहांपैकी तीन व्यसने एकाच दिवसात, एकाच तिकिटावर आणि अंगी राजेपण नसताही उपभोगिता येतात, हे ज्ञान आम्हांस आमचे आतेभाऊ नाना ह्यांनी केप टाउनहून धाडलेल्या एका गुळगुळीत पत्रकावरून प्राप्त झाले. प्रातःकाळी हेलिकॉप्टरात बसून टेबल माउंटनला प्रदक्षिणा घालावी व समुद्राची निळाई डोळ्यांत साठवावी. मग एखाद्या खाजगी अरण्यात उतरून उघड्या मोटारीतून सिंह, गेंडे आणि हत्ती पाहावेत. आणि दुपार कलली म्हणजे स्टेलनबॉश अथवा फ्रान्शुक येथील द्राक्षमळ्यात बसून निरनिराळ्या पेल्यांतून घोटघोट वाइन चाखावी. सायंकाळी यात्रेकरू आपल्या मुक्कामी सुखरूप. मृगयेतील बंदुकीच्या जागी कॅमेरा आला आहे एवढीच काय ती सुधारणा.

पत्रकाच्या पाठीवर नानांनी स्वहस्ताक्षरात लिहिले होते : ‘दादा, तुमच्या यवतमाळात वाघ आहेत. आकाश तर सर्वत्र आहे. पेयाची व्यवस्था होईल काय?’ नाना तेथे पंचवीस वर्षे आहेत, त्यांचा मित्रसमुदाय मोठा आणि सधन आहे, आणि आपल्या मातेचे माहेर त्या मित्रांस दाखवावे ही त्यांची इच्छा मनापासूनची आहे, हे आम्ही जाणून होतो. तरीही आम्ही प्रथम त्यांस नाशिकचा रस्ता दाखविला. द्राक्षमळा, तळघर, पेले आणि चव कशी घ्यावी हे समजावून सांगणारा तरुण, हे सर्व तेथे आहे. सुला ह्या संस्थेने १९९९ साली तेथे हा उद्योग सुरू केल्यापासून नाशिकच्या यात्रेचा अर्थच बदलला आहे. पण नानांस नाशिक नको होते. गेल्या चैत्रात ते एकटेच पाहणीसाठी आले.

प्रथम आकाशाचा प्रश्न. यवतमाळला विमानतळ आहे. धावपट्टी आहे, कुंपण आहे, नामफलकही आहे. नियमित प्रवासी विमान मात्र तेथून सुटत नाही. आमच्या जिल्ह्याला हेलिकॉप्टर परिचित झाले ते निवडणुकीमुळे. दर पाच वर्षांनी, आणि अलीकडे त्याहूनही वारंवार, एखाद्या शेतातील पऱ्हाटी उपटून, पाणी शिंपडून, मध्ये चुन्याचे वर्तुळ व त्यात इंग्रजी एच काढला म्हणजे खेड्यातील मुले ओळखतात की आता पुढारी उतरणार. पुढाऱ्याचे भाषण ऐकावयास येणाऱ्यांहून त्याचे वाहन पाहावयास येणाऱ्यांची संख्या अधिक असते, हे पुढारीही जाणतात. ह्याव्यतिरिक्त हेलिकॉप्टर आठवते ते महापुरात. २२ जुलै २०२३ रोजी महागाव तालुक्यातील आनंदनगर येथे पुराने माणसे वेढली गेली, तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टरे त्यांच्यासाठी रवाना करण्यात आली होती. घराच्या छपरावर उभे राहून आकाशाकडे डोळे लावणाऱ्या मनुष्यास त्या यंत्राच्या घरघरीत जे ऐकू येत असेल, ते चुन्याच्या वर्तुळाभोवती जमलेल्यांस ऐकू येणार नाही.

आणि त्याच महागाव तालुक्यात फुलसावंगी आहे. नानांस आम्ही विमानतळाच्या आधी तेथे घेऊन गेलो, ह्याचे त्यांस नवल वाटले. ह्या गावातील एका तरुण कारागिराने, ज्याचे शिक्षण शाळेतच संपले होते आणि ज्याचा धंदा पत्रे कापण्याचा व लोखंड जोडण्याचा होता, दोनएक वर्षे खपून स्वतःचे हेलिकॉप्टर बनविले. पंखे, सांगाडा, आसन, सर्व गावातल्या दुकानात. यंत्र एका जुन्या मोटारीचे. गुरू म्हणजे मोबाइलवरील चित्रफिती. एकाच माणसाने बसावे एवढे ते लहान होते. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी ते लोकांस दाखवावयाचे असा त्याचा संकल्प होता. त्याआधी चार-पाच दिवस, १० ऑगस्टच्या रात्री, यंत्र चालवून पाहत असता मागचा पंखा तुटून वरच्या पंख्यावर आदळला, आणि त्या पंख्याचा आघात आत बसलेल्या त्या तरुणाच्या मस्तकावर झाला. त्यातच तो गेला. यंत्र जमिनीवरून उठलेच नव्हते.

ही हकीकत त्या वेळी देशभर छापून आली. कोणी त्यास वेडा म्हटले, कोणी अभियंता म्हटले; दोन दिवसांनी दोन्ही पक्ष दुसऱ्या विषयाकडे वळले. आम्हांस त्या घटनेतील एक गोष्ट विसरता येत नाही. पुस्तकी विद्येवाचून, परवान्यावाचून व द्रव्यावाचून आकाशात जाण्याची इच्छा करणारा मनुष्य आमच्या जिल्ह्यात निर्माण झाला. आणि ज्याने त्याच्या डोक्यावर साधे शिरस्त्राण ठेवावे, पंख्याचा जोड तपासून ‘अजून दोन महिने थांब’ असे म्हणावे, असा जाणता त्याला भेटला नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी अभियांत्रिकीचे शिक्षण देणारी विद्यालये आहेत. फुलसावंगीपासून ती फार दूर नाहीत, असे नकाशा पाहिला तर वाटते.

नाना गावाच्या चौकात बराच वेळ उभे होते. परतीच्या वाटेवर त्यांनी विचारले, ‘तो वर गेला असता तर त्याला काय दिसले असते?’ आम्ही म्हटले, ‘त्याचे गाव.’

ह्यावरून आम्हांस रघुवंशाचा तेरावा सर्ग आठवला. आपल्या वाङ्मयातील आकाशविहाराचे ते परमोच्च स्थान होय. लंकेहून अयोध्येस परतताना पुष्पक विमानातून राम सीतेला खालची भूमी दाखवितो : हा सेतू, हे पंपासरोवर, ही गोदावरी. कालिदासाची वर्णनशक्ती तेथे ओसंडते आहे हे खरे. पण तो सर्ग हृदयाला भिडतो तो वर्णनामुळे नव्हे, तर रामाने ती भूमी पायांखाली घातलेली होती म्हणून. ‘तुला शोधीत फिरत असता तुझे एक नूपुर मला ह्या जागी पडलेले सापडले’ अशा अर्थाचे तो सांगतो, तेव्हा खालचे रान हे केवळ रान राहत नाही. ज्याचे नूपुर खाली कोठेच पडलेले नाही त्याला पुष्पकातूनही झाडेच दिसतील. (मेघदूतातील यक्षाने तर आमच्याच विदर्भातील रामटेकाहून मेघास मार्ग सांगितला, असे पंडितांचे मत आहे, तोही मार्ग त्याला तोंडपाठ होता.) नानांस वरून काय ओळखू येईल ह्याचा आम्ही विचार केला. बालपणी ते सुट्टीत मूर्तिजापुराहून अरुंद रुळांच्या ‘शकुंतले’तून यवतमाळास येत, ११३ किलोमीटरांचा तो प्रवास कोळशाच्या कणांनी डोळे लाल होईपर्यंत चाले. कापूस मुंबईकडे नेण्यासाठी विलायती कंपनीने घातलेली ती गाडी आता धावत नाही. तिचे रूळ तेवढे गवतात शोधावे लागतील.

दुसऱ्या दिवशी टिपेश्वर. पांढरकवड्याजवळचे हे अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर, म्हणजे व्याघ्रभूमी ह्या नात्याने लहानच. सागाचे रान, चैत्रात पाने गळून उघडे पडलेले. मधून मधून पळस. आणि ओढ्यांना कृष्णा, भीमा, पूर्णा, तापी अशी भारदस्त नावे. (आमच्या लोकांस मोठ्या नद्या दूर पडल्या म्हणून त्यांनी घरीच वाहवून घेतल्या.) सुन्ना गावाच्या फाटकातून पहाटे जिप्सी आत जातात. आम्हांस वाघ दिसला. पाणवठ्यावर तो पाठ टेकून बसला होता, नऊ जिप्सींतील माणसे श्वास रोधून त्याजकडे पाहत होती, आणि त्याने ह्या सर्व समारंभाची जांभई देऊन पोच दिली. ह्याहून अधिक वर्णन करण्यासारखे काही घडले नाही. वाघ दिसणे हा प्रसंग पाहणाराच्या छातीत घडतो, कागदावर नाही.

सांगण्यासारखा वाघ दुसराच आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत येथील एका तरुण वाघाच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बांधण्यात आला. त्या पावसाळ्यात तो आपल्या हक्काच्या जागेच्या शोधात निघाला. तेलंगणातील आदिलाबादकडे गेला, परतला, पैनगंगेच्या रानातून पुढे सरकला, आणि वर्षाच्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. २०२० च्या वसंतापर्यंत त्याची चाल तीन हजार किलोमीटरांहून अधिक भरली. भारतात वाघाने केलेल्या नोंदलेल्या प्रवासांत इतका दीर्घ प्रवास त्यापूर्वी झाला नव्हता. कापसाची शेते, सडका, कालवे, ओढे, गावांची पांदणे ह्यांतून तो रात्री चालला, आणि बहुतेक ठिकाणी तो गेल्याचे माणसांस कळलेही नाही. त्याला पाहत होता तो केवळ आकाशातील उपग्रह. उंचावरून पाहणे ह्याचा एक उपयोग आहे खरा. टिपेश्वर ते ज्ञानगंगा हे सर्व एकच रान होते, मधली शेते मागाहून आली, हे त्या ठिपक्यांच्या रेघेवरून जसे दिसते तसे सडकेवरून दिसत नाही.

परंतु आकाशाने आमच्या जिल्ह्यात नेहमीच इतके चोख काम केलेले नाही. अवनी, अर्थात टी-१, ह्या वाघिणीची गोष्ट नानांनी केपमध्ये वाचली होती, आणि तिला मारले हे वाईट झाले असे त्यांचे ठाम मत होते. राळेगाव व पांढरकवडा ह्यांच्या दरम्यान, अभयारण्याच्या बाहेर, शेते आणि झुडपी रान ह्यांच्या सरमिसळीत तिचा वावर होता. २०१६ च्या जूनमध्ये बोराटीची एक वृद्ध स्त्री शेतात मारली गेली. तेथपासून दोन वर्षांत तेरा मृत्यू तिच्या नावावर मांडले गेले. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्याचे नाकारल्यावर जी मोहीम निघाली तिच्यात काय नव्हते? हत्ती आणिले; त्यांतील एक साखळी तोडून निघाला व त्याने चहांद गावात एका स्त्रीस ठार केले. इटालियन जातीची कुत्री आणिली. विलायती अत्तर शिंपडले, कारण त्याच्या वासाला वाघ भुलतो असे म्हणतात. ड्रोन उडविले, आणि यंत्र लावलेल्या छत्रीतून माणूस उडवून त्याच्याकडून वरून रान पाहविले. वरून ती दिसली नाही. शेवटी २ नोव्हेंबरच्या रात्री, बोराटीजवळच, जमिनीवरून झाडलेल्या गोळीने ती मेली. तिची दहा महिन्यांची दोन पिले मागे राहिली.

त्या रात्री ज्या गावांत लोक दोन वर्षे काठ्या व मशाली घेऊन शेतावर जात होते तेथे फटाके वाजले. शहरांत मेणबत्त्या लागल्या. आमच्या मते फटाके आणि मेणबत्त्या ह्यांपैकी कोणाचीही थट्टा करणे योग्य नाही. तथापि एवढे म्हटल्यावाचून राहवत नाही की, मेणबत्त्या लावणाऱ्यांपैकी फारच थोड्यांस सरपणाकरिता रानात जावे लागत असेल. नानांस आम्ही हे बोललो. ते म्हणाले, ‘दादा, तेरा माणसे, हे मी वाचले होते. कोणती माणसे हे वाचले नव्हते.’

आता पेय. केपच्या वाइनचा इतिहास नाना अभिमानाने सांगतात : १६५९ साली तेथे पहिली द्राक्षे पिळली गेली, आणि १६८८ साली धर्मच्छळाला कंटाळून आलेल्या फ्रेंच प्रॉटेस्टंटांनी फ्रान्शुकचे खोरे लावले. त्याच मळ्यांत मजुरांस वेतनाचा काही भाग हलक्या वाइनच्या रूपाने देण्याची ‘डॉप’ नावाची चाल पिढ्यान्पिढ्या होती, तिच्या विरुद्ध कायदे झाल्यावरही ती रेंगाळली, आणि तिने मजुरांची घरेच्या घरे बुडविली, हे पत्रकात नसते; पण नानांनी ते न विचारता सांगितले, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

आमच्या जिल्ह्यात द्राक्षे नाहीत, मोह आहे. ह्या वृक्षाच्या कुळाविषयी शंका घेणाऱ्यांनी पुन्हा रघुवंशच उघडावा; इंदुमतीच्या स्वयंवरातील माळेत कविकुलगुरूने दूर्वांबरोबर मोहाची फुले गुंफिली आहेत. फाल्गुन-चैत्रात हा वृक्ष पाने टाकतो आणि रात्रभर मऊ, फिकट पिवळी, गरभरली फुले जमिनीवर गाळतो. पहाटे कोलाम, गोंड, परधानांच्या बायका टोपल्या घेऊन निघतात. ओणव्याने, झाडाखाली सारखे सरकत, फूल न् फूल वेचावयाचे. ऊन चढण्याच्या आत संपवावयाचे, कारण मागाहून गुरे, हरणे आणि अस्वले आपापला वाटा घेतात. हे फूल वाळवून ठेवले तर पावसाळ्यातील उपासमारीत भाकरीला जोड होते. ते आंबवून गाळले तर दारू होते. सरकारच्या दृष्टीस आजवर हे दुसरेच फूल दिसत आले, आणि म्हणून टोपलीभर वाळलेली फुले घरात ठेवणे हाही परवान्याचा विषय होता. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने मोहफुलांची वेचणी, साठवण व वाहतूक ह्यांवरील निर्बंध उठविले. आणि २०२२ साली मंत्रिमंडळाने काजूबोंडे व मोहफुले ह्यांपासून केलेल्या मद्यास ‘विदेशी मद्य’ असा दर्जा देण्याचे ठरविले. ज्या वृक्षाचे मूळ कालिदासापूर्वीपासून ह्या भूमीत आहे, त्याच्या अर्कास परदेशी होण्यावाचून प्रतिष्ठा मिळेना! नाना ह्यावर मनमुराद हसले. त्यांच्या स्वतःच्या बाबतीतही असेच झाले, असे म्हणाले.

पण हसण्याची जागा येथे संपते. आमच्या पूर्वेस वर्धा नदी आहे, आणि पलीकडे वर्धा जिल्हा. तेथे १९७५ पासून दारूबंदी. त्याच नदीच्या काठाने चंद्रपूर. तेथे २०१५ पासून २०२१ पर्यंत दारूबंदी होती. दोन कोरड्या शेजाऱ्यांच्या मध्ये ओला जिल्हा असला म्हणजे नदीच्या अलीकडे गुत्ते कसे फोफावतात हे सांगावयास अर्थशास्त्री नको. यवतमाळच्या बायकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढून आमच्याही जिल्ह्यात बंदी करा असे मागितले आहे. बंदीने दारू नाहीशी होते काय, ह्याविषयी आम्ही साशंक आहो. चंद्रपूरचा अनुभव उत्साहवर्धक नाही. परंतु ज्या घरात कापसाचे पैसे आले त्याच आठवड्यात संपतात, त्या घरातील स्त्रीसमोर उभे राहून हा संशय उच्चारण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. दारू चाखणे ही तिच्या अनुभवाबाहेरची क्रिया आहे. तिने दारू पिणे तेवढे पाहिले आहे.

तरीही नानांच्या आग्रहाखातर आम्ही टिपेश्वरहून परतताना एका कोलाम पोडावर गेलो. ओळखीचा एक वनमजूर बरोबर होता. त्याच्या आजीच्या अंगणात मोहाची फुले वाळत घातली होती आणि सर्व पोडाला त्यांचा तो गोड, किंचित आंबूस दर्प भरून राहिला होता. नानांनी संकोचत विचारले की, पहिल्या धारेची थोडीशी चाखावयास मिळेल काय. दाम काय ते देऊ. म्हातारीने त्यांजकडे नीट पाहिले.

‘आता नाही गाळत जी,’ ती म्हणाली. ‘बायाईनं मडके फोडले सारे. फुलं खाता का?’

तिने तव्यावर मूठभर सुकी फुले परतून, वर तीळ टाकून, पळसाच्या पानावर आणून दिली. मनुका आणि धूर ह्यांच्या मधली ती चव आहे. नाना एकेक फूल तोंडात ठेवून बराच वेळ चघळीत होते, आणि केपमध्ये ज्या शब्दांनी वाइनचे गुण वर्णितात त्यांपैकी एकही शब्द त्यांनी वापरला नाही, ह्याबद्दल आम्ही मनातल्या मनात त्यांचे आभार मानले. मग बोलण्याच्या ओघात त्यांनी आपला बेत म्हातारीस सांगितला : पुढील वर्षी पाहुणे येतील, आकाशातून हे सर्व रान पाहतील, तुमचे पोडही पाहतील. म्हातारी लक्षपूर्वक ऐकत होती. गेल्या खेपेस ह्याच दिवसांत पलीकडच्या नाल्यावर फुले वेचावयास गेलेली तिची नणंद ओणवी असता मागून वाघ आला होता. दुसऱ्या बायकांनी आरडाओरडा केला म्हणून ती वाचली, परंतु तिचा एक हात अद्याप उचलत नाही. हे तिने नव्हे, वनमजुराने आम्हांस वाटेत सांगितले होते.

‘वरून पाह्यलं तं,’ म्हातारीने विचारले, ‘वाघ कोठी बसला हाये थे दिसते का जी?’

नानांनी आमच्याकडे पाहिले.

‘दिसत असन तं मंग पुढच्या सालाले काहून?’ ती म्हणाली. ‘उद्या पहाटेच आना. चार वाजता. आमी निंगाच्या आंधी.’

नानांनी पळसाचे पान घडी करून हातात धरले होते. वनमजूर उठला आणि ऊन वाढत आहे, आता निघावे, असे म्हणाला. म्हातारी पुन्हा अंगणात बसून फुले हाताने खालीवर करू लागली.